अवघड वैद्यकीय संज्ञांचा उच्चार : माझा अनुभव

खानापूर तालुक्यातील मराठी शाळेतून बेळगावात नर्सिंग शिकायला आल्यावर 'कोलेसिस्टेक्टॉमी'सारख्या संज्ञा सलग वाचणे मला जड जाई. अर्थासाठी मी कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी आणि एक्टॉमी म्हणजे कापून काढणे अशी फोड केली. उच्चारासाठी मात्र को-लि-सिस्-टेक्-ट-मी अशी निराळी फोड देवनागरीत लिहून शेवटून तिसऱ्या तुकड्यावर, म्हणजे 'टेक्'वर, आघात (जोर) देऊन ती मोठ्याने म्हणू लागले. या दोन फोडी एकमेकींत मिसळू नयेत, असे मला कळकळीने वाटते. 'न्यूमोनिया'च्या इंग्रजी स्पेलिंगच्या आरंभीचा 'पी' मूक असतो, 'डिस्प्निया'त (धाप लागणे) मात्र तो ऐकू येतो. माझ्या कन्नडभाषक मैत्रिणी आता उच्चाराची हीच फोड कन्नड लिपीत लिहितात.