दाताच्या शस्त्रक्रियेचा खर्च आवाक्यात कसा आणायचा

"अक्कलदाढ आडवी आहे, कापून काढावी लागेल" किंवा "इथे इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) बसवावा लागेल" हे ऐकलं की घरात पहिली चर्चा पैशांची होते. तोवर क्लिनिकच्या काउंटरवर हप्त्यांचा कागद तयार असतो. तिथे सही करण्याआधी थोडं थांबा. कर्जाची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. आधी नेमकं काय करायचं आहे ते कागदावर आणा, मग तेच काम कमी खर्चात कुठे होतं ते शोधा. एवढं केलं तर अनेकदा कर्ज लागतच नाही.

आधी लेखी अंदाजपत्रक घ्या

तोंडी आकड्यावर काहीही ठरवू नका. डॉक्टरांकडून उपचाराचा आराखडा लिहून घ्या आणि त्यात दाताचा क्रमांक असू द्या. दंतवैद्यक दोन अंकी क्रमांक वापरतात. पहिला अंक जबड्याचा भाग सांगतो, दुसरा दात. वरची उजवी अक्कलदाढ १८, वरची डावी २८, खालची डावी ३८ आणि खालची उजवी ४८. "३८, आडवी, हाड कापून काढणे, स्थानिक भूल" असं लिहिलेलं असलं की दुसऱ्या ठिकाणी त्याच कामाचा दर विचारता येतो. "दाताचं ऑपरेशन" एवढंच लिहिलेलं असेल तर दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

अंदाजपत्रकात या गोष्टी वेगवेगळ्या लिहायला सांगा: एक्स-रे, भूल, शस्त्रक्रिया, औषधं, टाके काढण्याची फेरी, आणि कॅप किंवा कवळी असेल तर लॅबचा खर्च. सगळ्यात जास्त चुकतं ते कॅपच्या बाबतीत. रूट कॅनालचा दर स्वस्त वाटतो, पण त्यात कॅप धरलेली नसते. ती नंतर बिल वाढवते.

भुलेबद्दल आवर्जून विचारा. बहुतेक अक्कलदाढा स्थानिक भुलेवर काढता येतात. पूर्ण भूल म्हटली की भूलतज्ज्ञ, रुग्णालयाची खोली, रक्त-लघवीच्या तपासण्या आणि छातीचा एक्स-रे हे सगळं आलं, आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. पूर्ण भूल वैद्यकीय कारणासाठी हवी आहे की सोयीसाठी, याचं स्पष्ट उत्तर मिळायला हवं.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, स्वतःच्या ताब्यात ठेवा. फिल्म असेल तर फिल्म घ्या, डिजिटल असेल तर मोबाइलवर मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि त्यात मुळांचा बारकावा दिसत नाही. एक्स-रे हातात असला की दुसऱ्या डॉक्टरकडे तो पुन्हा काढायची गरज सहसा पडत नाही.

आत्ता काय, नंतर काय

आराखड्यातली सगळी कामं एकाच महिन्यात करावी लागत नाहीत. डॉक्टरांना सरळ विचारा: यातलं काय थांबलं तर नुकसान होईल, आणि काय सहा महिन्यांनी केलं तरी चालेल? पू झालेला दात, जंतुसंसर्ग, पुन्हापुन्हा सुजणारी अक्कलदाढ ही कामं आधी. गेलेल्या दाताच्या जागी नवा दात बसवणं साधारणपणे काही महिने पुढे ढकलता येतं. फार वर्षं मात्र ढकलू नका, शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलंडतात आणि त्या जागेचं हाडही झिजतं.

पर्यायही विचारा. एका गेलेल्या दातासाठी इम्प्लांट हा एकमेव उपाय नाही. काढता-घालता येणारी अर्धी कवळी सगळ्यात स्वस्त पडते. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात, मधल्या दरात होतो, पण त्यासाठी शेजारचे दात घासून लहान करावे लागतात. शेजारचे दात मुळात किडलेले असतील आणि त्यांना कॅप लागणारच असेल तर ब्रिज शहाणपणाचा. ते धडधाकट असतील तर त्यांना हात लावण्यापेक्षा आत्ता कवळी घालून इम्प्लांटसाठी पैसे साठवणं बरं.

एक गोष्ट पैशांसाठी कधीही थांबवू नका. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरतेय, तोंड उघडत नाही, गिळताना त्रास होतो, ताप आहे, श्वास जड वाटतो, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. दाताचा संसर्ग गळ्यात उतरला तर श्वासनलिका दाबली जाऊन जीव जाऊ शकतो.

सरकारी दवाखाने आणि दंत महाविद्यालयं

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात आणि अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दंतशल्यचिकित्सक असतात. दात काढणं, पू भरलेला गळू मोकळा करणं, एक्स-रे, औषधं ही कामं तिथे होतात. अवघड अक्कलदाढ असेल तर ते पुढे पाठवतात. ती चिठ्ठी जपून ठेवा.

वैद्यकीय शिक्षण विभागाची आणि महापालिकांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत. तिथे शुल्क आहे, पण खाजगीच्या मानाने फारच थोडं. शासकीय दंत महाविद्यालयं मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात, नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय मुंबई सेंट्रलला आहे. गोव्यात बांबोळीचं गोवा दंत महाविद्यालय.

तिथे काम कसं चालतं ते आधी माहीत असलं की हेलपाटे वाचतात. सकाळी ओपीडी सुरू होण्याआधी पोहोचून केसपेपर काढायचा. पहिली तपासणी निदान विभागात होते, तिथेच एक्स-रे सांगतात, आणि मग केसपेपरवर पुढचा विभाग लिहून देतात. दाढ काढायला मुख व जबडा शस्त्रक्रिया विभाग, रूट कॅनालला वेगळा, कवळी-कॅपला वेगळा. पहिल्याच दिवशी शस्त्रक्रिया होईल असं धरून जाऊ नका, बहुधा तारीख मिळते. आधार कार्ड, रेशन कार्ड, जुने एक्स-रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि मधुमेह असेल तर ताजा रिपोर्ट सोबत न्या. साखर वाढलेली असेल तर तारीख पुढे जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना सांगा, निर्णय ते घेतील.

विद्यार्थी उपचार करतात म्हणून अनेक जण बिचकतात. काम शिक्षकांच्या देखरेखीखाली होतं आणि अवघड शस्त्रक्रिया पदव्युत्तर विद्यार्थी किंवा स्वतः शिक्षक करतात. किंमत मोजावी लागते ती वेळेची. खाजगीत दोन फेऱ्यांत होणारी रूट कॅनाल इथे चार-पाच फेऱ्या घेऊ शकते, कारण प्रत्येक टप्पा शिक्षकांना दाखवून पुढे जातो. विद्यार्थ्यांना परीक्षेआधी ठरावीक कामं पूर्ण करावी लागतात, म्हणून पूर्ण कवळी किंवा रूट कॅनाल हवी असलेला रुग्ण त्यांना हवाच असतो. तुमचं काम ज्याच्याकडे आहे त्याचं नाव आणि वर्ष केसपेपरवर लिहून घ्या, म्हणजे दर वेळी नव्याने सगळं सांगावं लागत नाही. परीक्षा आणि सुट्ट्यांच्या तारखाही आधीच विचारा, नाहीतर अर्धवट काम दीड महिना लटकतं. इम्प्लांट महाविद्यालयात बसवला तरी स्क्रू आणि कॅपचा खर्च सहसा रुग्णालाच करावा लागतो. डॉक्टरांची फी तेवढी वाचते.

सरकारी महाविद्यालय दूर असेल तर खाजगी दंत महाविद्यालयं पाहा. पुणे, सांगली, कराड, नाशिक, लोणी, वर्ध्याजवळचं सावंगी, अमरावती, लातूर, नांदेड, सीमेपलीकडे बेळगाव इथे ती आहेत. शिकवण्यासाठी त्यांना रुग्ण लागतात, म्हणून दर बाहेरच्या क्लिनिकपेक्षा बरेच कमी असतात. फोन करून एवढंच विचारा: ३८ क्रमांकाची आडवी दाढ पदव्युत्तर विभागात काढायला किती लागतील, आणि ओपीजी धरून की सोडून?

योजनांत काय बसतं, काय नाही

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण साधी दाढ काढणं, रूट कॅनाल, कॅप, इम्प्लांट, कवळी यांसाठी ते नाही. जबड्याचं फ्रॅक्चर, जबड्याचा सांधा जखडणं, दुभंगलेला ओठ-टाळू, तोंडाचा कर्करोग अशा शस्त्रक्रियांसाठी मात्र आवर्जून चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष असतो. शस्त्रक्रियेआधी तिथे जाऊन मंजुरी घ्यायची. आधी स्वतः पैसे भरले आणि मग योजनेत मागितले तर ते परत मिळत नाहीत. फुले योजनेचा मदत क्रमांक १५५३८८, आयुष्मानचा १४५५५.

१८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. अंगणवाडी-शाळेत तपासणीला येणारं पथक दुभंगलेल्या ओठाच्या मुलाला शस्त्रक्रियेपर्यंत मोफत नेतं. पथकाची वाट पाहायची नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

धर्मादाय रुग्णालयांचा मार्ग फार जण विसरतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये आखून दिलेल्या योजनेनुसार त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल. दुर्बल गटात औषधं आणि साहित्य खरेदी किमतीत धरतात आणि त्याचा निदान निम्मा भाग रुग्णाने भरायचा असतो. जबड्याची मोठी शस्त्रक्रिया भरती होऊन करायची असेल तेव्हा याचा खरा उपयोग. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशन कार्ड घेऊन बिलिंगच्या खिडकीवर न जाता समाजसेवा अधीक्षकांना भेटा, तेही भरती होण्याआधी. दाखल्याला काही दिवस लागतात, म्हणून तारीख मिळताच सेतू केंद्रात अर्ज टाका. रुग्णालयाने टाळाटाळ केली तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि पगारपत्रकात ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) कपात दिसत असेल तर ईएसआय रुग्णालयाच्या दंत विभागात तुम्हाला आणि कुटुंबाला उपचार मिळतात. कपात वर्षानुवर्षं होते, आणि दाढ मात्र पदरच्या पैशांनी काढली जाते. असं होऊ देऊ नका.

खाजगी आरोग्य विम्यात दंतोपचार बहुधा वगळलेले असतात. अपघातात दात किंवा जबड्याला मार लागून भरती व्हावं लागलं तर दावा बसू शकतो. त्यासाठी अपघाताच्या दिवशीचा केसपेपर, एक्स-रे आणि पोलिस नोंद असेल तर ती हवी. पॉलिसीत ओपीडीची सोय असेल तर तिची मर्यादाही पाहून ठेवा. दावा बसावा म्हणून निदान बदलून लिहून घेऊ नका. ते उघड झालं तर दावा जातो, आणि पॉलिसीही जाऊ शकते.

हप्ते घ्यायचेच असतील तर

"बिनव्याजी" हप्त्यांत व्याज बहुधा गेलेल्या सवलतीत लपलेलं असतं. समजा बिल ६०,००० आहे आणि रोख दिले तर १० टक्के सूट, म्हणजे ५४,०००. बिनव्याजी हप्ते घेतले तर १२ महिने ५,००० प्रमाणे पूर्ण ६०,००० जातात. हे ५४,००० चं कर्ज वर्षाला जवळपास २० टक्क्यांनी घेतल्यासारखं आहे. वर १,००० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागला तर दर २४ टक्क्यांवर जातो. हेच ५४,००० नोकरदारांच्या पतसंस्थेतून १२ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर घेतले तर हप्ता सुमारे ४,८०० येतो आणि वर्षभराचं व्याज ३,६०० च्या आत राहतं. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: रोख दिले तर किती?

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तसंस्थांना नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य तपशिलांचा एक तक्ता द्यावा लागतो. त्यात सगळे शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. टॅबलेटवर अंगठा टेकवण्याआधी तो तक्ता मागा आणि वाचा.

मोठा धोका वेगळाच आहे. कर्जाची पूर्ण रक्कम पहिल्याच दिवशी क्लिनिकच्या खात्यात जाते. क्लिनिक बंद पडलं किंवा डॉक्टर बदलले तरी हप्ते तुमच्या खात्यातून कापले जातच राहतात. इम्प्लांटमध्ये स्क्रू बसवल्यापासून कॅप लागेपर्यंत तीन ते सहा महिने जातात, त्यामुळे हा धोका तिथे सर्वाधिक. बरेच डॉक्टर टप्प्याटप्प्याने पैसे घ्यायला तयार असतात: काही स्क्रू बसवताना, काही माप घेताना, उरलेले कॅप बसवल्यावर. हे अंदाजपत्रकावर लिहून घ्या. त्यासाठी व्याज पडत नाही. इम्प्लांटच्या पाकिटावरचं कंपनी, माप आणि बॅच क्रमांकाचं स्टिकर स्वतःच्या फाइलला चिकटवून घ्या. पुढे स्क्रू सैल झाला आणि कंपनी माहीत नसेल तर दुसऱ्या डॉक्टरला जुळणारं हत्यार शोधत बसावं लागतं, आणि कधी पूर्ण कॅप नव्याने करावी लागते.

बिल मिळालं की दोन गोष्टी तपासा. उपचारासाठीच्या दंतसेवेवर जीएसटी नाही, त्यामुळे दाढ काढण्याच्या बिलात तो लावलेला दिसला तर काढायला सांगा. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कामाची गोष्ट वेगळी. आणि ज्यांच्यासाठी खर्च झाला ते ६० वर्षांच्या पुढचे असून त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर जुन्या करपद्धतीत वैद्यकीय खर्चापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. पैसे रोख दिलेले असले तर ती मिळत नाही. म्हणून यूपीआय किंवा चेकने द्या आणि पावतीवर रुग्णाचं पूर्ण नाव, दाताचा क्रमांक आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या.