नदीकाठची बाग आठवी-नववीच्या पोरांसोबत आखायची असेल तर

चार्टपेपर आणि स्केचपेन वाटून 'तुमच्या स्वप्नातली बाग काढा' म्हणायचं, असं कुणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. मी पुण्यात मुठेकाठी आणि ओढ्यांच्या कडेला हे काम बरीच वर्षं करतेय, आणि त्या चार्टपेपरवर दरवेळी तेच येतं, कारंजं, सेल्फी पॉइंट, झोपाळा. मोठ्यांना काय आवडेल ते पोरं बरोबर ओळखतात आणि तेच काढून देतात.

शाळेची परवानगी, पालकांच्या सह्या, पाणी, टोप्या हे तुम्ही करालच. गट 12-15 जणांचा, निम्म्या मुली, आणि वस्तीतली आणि सोसायटीतली अशी दोन्हीकडची मुलं हवीतच.

पहिल्याच दिवशी पूररेषा दाखवा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या. निळ्याच्या आत पक्कं बांधकाम नाही, तिथं जे ठेवाल ते पाण्याखाली जाऊन परत वर आलं तरी टिकलं पाहिजे. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की मुठेवरचा भिडे पूल बुडतो हे पोरांनी पाहिलेलं असतं, 2019 च्या सप्टेंबरात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते घरी ऐकलेलं असतं, त्यामुळे हे तासाभरात समजतं.

आता खरी अवघड गोष्ट, जागेवरची फेरी. माझं पहिल्यांदा इथेच चुकलं. सगळ्यांना एकत्र नेलं, मुलगे बोलत सुटले, क्रिकेटचं नेट हवं, टर्फ हवं, आणि मुली मागे गप्प. मला वाटलं लाजतायत. निघताना एक नववीतली मुलगी म्हणाली, "ताई, मी इथे कधी येतच नाही, मग काय सांगू?" तेव्हापासून मी मुलामुलींच्या फेऱ्या वेगळ्याच काढते, आणि यावर कुणी कितीही वाद घातला तरी मी बदलत नाही. व्हिएन्नात 1990 च्या दशकात बागांची पाहणी झाली तेव्हा वयाच्या नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशाच होतात असं आढळलं होतं, कारण एकुलतं मोकळं मैदान मुलगे व्यापून टाकायचे. मग 1999 मध्ये दोन बागा नव्याने आखल्या.

फेऱ्या दोन काढा, एक दुपारी चारला, एक दिवेलागणीला (पालकांना सांगून, आणि मुलींसोबत दोन ताया हव्यातच). 'काय हवं' हा प्रश्न विचारायचाच नाही. विचारायचं ते हे, कुठे थांबावंसं वाटतं, कुठून झपाझप निघून जाता, कोण दिसलं की वाट बदलता. उत्तर तोंडी घेऊ नका, थांबायच्या जागी हिरवी रिबन, पळायच्या जागी लाल बांधायला लावा, आणि तुम्ही वीस पावलं मागे राहा. शिक्षक, नगरसेवक, आर्किटेक्ट कुणीही त्या दिवशी बरोबर नको, एक मोठा माणूस जरी पुढे झाला तरी पोरं त्याच्याकडे बघून रिबन बांधतात. मुलींच्या लाल रिबनी मला बहुतेक वेळा एकच गेट असलेल्या कोपऱ्यात सापडल्यात, आत गेलं की बाहेर पडायला दुसरी वाट नाही. हे कुठल्याही नकाशात दिसत नाही! त्यातूनच मग पुढचं निघतं, दोन बाजूंनी वाट, पाठ टेकायला भिंत असलेली बसायची जागा, दिवा फुलझाडांवर नाही तर पायवाटेवर, आणि पाणी असलेलं स्वच्छतागृह.

दोन्ही गटांच्या रिबनी एकमेकांना दाखवा, भांडू द्या, भांडण महत्त्वाचं आहे.

मग ठरलेलं सगळं कबड्डीच्या फक्कीने जमिनीवर खऱ्या मापात आखा. कागदावर मोठं वाटलेलं नेट प्रत्यक्षात अख्खी वाट खातं हे तिथंच कळतं.

शेवटी वॉर्ड ऑफिसच्या कनिष्ठ अभियंत्याकडे त्याच्या भाषेत जा, दिवे किती, बाक किती, वाट किती रनिंग मीटर. महापालिकेत 2006-07 पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे, छोटी कामं त्यात सुचवता येतात. बोलू पोरांनाच द्या. आणि काही वगळलं गेलं तर कारण त्याच आठवड्यात त्यांना सांगा, नाहीतर पुढच्या वेळी कुणी येणार नाही.

पावसाळा संपला की त्याच पोरांना परत न्या, गाळ कुठपर्यंत चढला, कुठला बाक टिकला, कुठला दिवा बंद पडला ते वहीत लिहायला लावा. दहावीच्या क्लासमुळे कुणी आलं नाही तर त्यांच्या धाकट्या भावंडांना घेऊन जा.