समुद्री गोगलगाय ओळखताना रंगाची नोंद शेवटी करावी

सांगली-साताऱ्याकडील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी समुद्री गोगलगायींचा (बाहेर शंख न दिसणाऱ्या, मऊ अंगाच्या समुद्री प्राण्यांचा) अभ्यास बांधावरच्या रुईपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. रुईच्या पानामागे बिबळ्या कडवा या फुलपाखराची काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या ठिपक्यांची अळी सापडते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये ती पचवते, अंगात साठवते आणि ठळक रंगांनी पक्ष्यांना तसे आधीच कळवते. खडकाळ किनाऱ्यावरील रंगीत समुद्री गोगलगायीही हेच करतात. फक्त रुईच्या जागी तेथे बहुधा स्पंज, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा साधा सच्छिद्र प्राणी, असतो.

सहलीचा दिवस दिनदर्शिका पाहूनच ठरवावा. अमावास्या किंवा पौर्णिमा आणि तिच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे असल्यामुळे ओहोटीला पाणी सर्वांत दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो, तेव्हा फारसे खडक उघडे पडत नाहीत. साताऱ्याहून कुंभार्ली घाटाने किंवा सांगलीहून आंबा घाटाने उतरणाऱ्यांनी ओहोटीच्या वेळेआधी तासभर किनाऱ्यावर पोहोचावे आणि पाणी वळताच बाहेर पडावे. पांढरा वाडगा, भिंग, मोजपट्टी आणि छायाचित्रासाठी फोन एवढे साहित्य पुरते.

प्राणी दिसताच त्याला पाण्याबाहेर काढू नये. हवेत त्याचे कल्ले आणि उंचवटे मिटतात, सगळा देह बुळबुळीत गोळा होतो आणि ओळखीच्या खुणा हरवतात. माझ्या पहिल्या सहलीत विद्यार्थ्यांनी वहीत केवळ ‘निळी, पिवळ्या कडेची’ असे लिहून आणले होते, आणि त्या नोंदीवरून आम्हाला साधे कूळही ठरवता आले नाही. तेव्हापासून रंगाचा रकाना मी शेवटी ठेवतो.

पहिला रकाना कल्ल्यांचा असावा. डोक्यावर गंध ओळखणाऱ्या शिंगांची जोडी आणि पाठीच्या मागील टोकाला गुदद्वाराभोवती फुलासारखा कल्ल्यांचा गुच्छ असेल, तर तो प्राणी डोरिड गटातील समजावा. पाण्यावर हाताची सावली पडली तरी यांतील अनेक जाती तो गुच्छ झटकन आत ओढून घेतात. म्हणून मिनिटभर स्थिर राहून पाहावे. पाठीवर बोटांसारख्या उंचवट्यांच्या रांगा असतील, तर तो बहुधा इओलिड होय. हे दोन्ही गट न्यूडिब्रँक म्हणजे उघड्या कल्ल्यांच्या गणात येतात. ससकर्णासारखी शिंगे असलेली, डिवचल्यास जांभळी शाई सोडणारी समुद्री ससा ही गोगलगाय आणि शैवालाचा रस शोषणारी, पानासारखी हिरवी एलिसिया यांचे गण मात्र वेगळे आहेत. जुन्या पुस्तकांत या सर्वांना ओपिस्थोब्रँकिया या उपवर्गात घातलेले आढळते. आता तो गट मोडीत निघाला असून ‘हेटेरोब्रँकिया’ असे लिहावे.

दुसरा रकाना सर्वांत मोलाचा: प्राणी कशावर बसला होता? संरक्षणाचे रसायन बहुतेक वेळा अन्नातून आलेले असते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील क्रोमोडोरिस वंशाच्या पाच जातींवरील अभ्यासात (2016) प्रावाराच्या, म्हणजे पाठ झाकणाऱ्या मांसल आवरणाच्या, कडेला लॅट्रन्क्युलिन-ए हे एकच विषारी द्रव्य साठवलेले आढळले. स्पंजातून येणारे हे द्रव्य पेशीतील अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या तंतूंची घडण रोखते, आणि मासा ज्या कडेला तोंड लावण्याची शक्यता अधिक, तेथेच ते साठवलेले असते. इओलिडांची तऱ्हा निराळी आहे: हायड्रॉइड हे दंश करणारे, झुडपासारखे दिसणारे छोटे प्राणी खाताना त्या भक्ष्याच्या दंशकोशिका न फुटता पाठीवरील उंचवट्यांच्या टोकांत पोहोचतात आणि तेथे शस्त्रासारख्या राखल्या जातात. ग्लॉकस ही निळी गोगलगाय तर फायसेलिया या जेलीफिशसारख्या तरंगत्या, विषारी दंशाच्या प्राण्याच्या दंशकोशिका साठवते, म्हणून वाळूवर ती दिसल्यास हात लावू नये. प्ल्युरोब्रँक या समुद्री गोगलगायींच्या आणखी एका गटातील काही जाती अन्नावर विसंबून न राहता त्वचेतून गंधकाम्ल स्रवतात. समुद्री सशांतील डोलाबेला या वंशात सापडलेल्या डोलास्टॅटिन-10 पासून प्रेरणा घेऊन घडवलेला औषधी अंश असलेल्या कर्करोगावरील औषधाला अमेरिकेत 2011 मध्ये मान्यता मिळाली. डोलास्टॅटिन-10 हे द्रव्यही मुळात या गोगलगायीने खाल्लेल्या सायनोबॅक्टेरियाचे, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जीवाणूंचे, आहे.

रंग यानंतर लिहावा, तोही जागेनिशी: कड, पाठ, शिंगांची टोके, कल्ले. एकाच परिसरातील वेगळ्या जाती सारखे रंग धारण करतात, त्यामुळे केवळ रंगावरून नाव ठरवणे घातक ठरते. शेजारी फितीसारखी अंडी दिसल्यास त्यांचेही छायाचित्र घ्यावे. स्पॅनिश डान्सर ही मोठी लाल जाती स्पंजातून घेतलेले विष आपल्या अंड्यांच्या फितीतही उतरवते.

नोंद अशी असावी: ‘लांबी 22 मिमी, गुच्छाचे कल्ले, मागे, केशरी स्पंजावर, दगडाच्या खालच्या बाजूस, कड पिवळी, पाठ पांढरी, जांभळे ठिपके.’ वही मिटण्यापूर्वी उलटलेला दगड होता तसा, त्याच बाजूने, परत ठेवावा.