पिकत्या पानातलं पाणी एनएमआरवर मोजताय? या चुका टाळा

एनएमआर म्हणजे चुंबकात ठेवलेल्या नमुन्यातल्या पाण्याचा रेडिओ-सिग्नल मोजायची पद्धत. दर हंगामात कोणीतरी नवा विद्यार्थी येतो, पान पिवळं पडलं म्हणजे ते वाळतंय असं धरून चालतो आणि आलेख तसा निघेना म्हणून यंत्रावर राग काढतो. आधी ते डोक्यातून काढा. रेपसीड हे मोहरीच्या कुळातलं तेलबियांचं पीक. भरपूर पाणी दिलेल्या रेपसीडच्या पानांवर फ्रान्समधल्या रेनच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं, की पान म्हातारं होताना पेशी फुगतात, रिक्तिकेतल्या (पेशीतल्या पाण्याच्या पिशवीतल्या) पाण्याचा वाटा वाढतो आणि त्याचा टी-२, म्हणजे सिग्नल विरायला लागणारा वेळ, लांबतो. घटतो तो हरितलवकातल्या पाण्याचा वाटा.

सगळ्यात डोकं उठवणारी चूक तापमानाची. टेबलावरच्या २० मेगाहर्ट्झच्या यंत्रांचं चुंबक बऱ्याचदा ४० अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. नमुन्याचं तापमान वेगळं सांभाळलं नाही, तर पानातून कापलेल्या चकत्या आत शेकतात. आमच्याकडे एकाने पिवळ्या पानाच्या चकत्या ट्यूबमध्ये टाकल्या, वर नुसतं टोपण लावलं, मोजणी चालू केली आणि जेवायला गेला. परत येतो तर टी-२ च्या आलेखात दीड-दोन सेकंदांच्या जागी नवंकोरं शिखर! गडी खूश. म्हणे, ‘‘सर, म्हातारपणी पेशींच्या बाहेर पाणी साठतं.’’ पोस्टरचं शीर्षकही ठरलेलं. ट्यूब उजेडात धरली, तर काचेला आतून बारीक थेंब. मोकळ्या पाण्याचा टी-२ सेकंदांत असतो, रिक्तिकेचा काहीशे मिलिसेकंदांत. ते शिखर पेशींचं नव्हतं, काचेवरच्या दवाचं होतं. तरी त्याची समजूत काढायला चहाचे दोन कप गेले.

माझी सवय अशी: टेफ्लॉनचा बूच चकत्यांच्या अगदी डोक्यापर्यंत खाली सरकवायचा, म्हणजे वर वाफेला जागाच उरत नाही. नमुना २० अंशांच्या आसपास ठेवायचा. ट्यूब आधी आणि नंतर तोलायची, आणि शेवटी पहिलीच मोजणी पुन्हा घ्यायची. विरत्या सिग्नलचे दोन वक्र एकमेकांवर बसले नाहीत, तर नमुना केराच्या टोपलीत.

दुसरं दुखणं टक्केवारीचं. समजा चकतीत ८५ मिलिग्रॅम पाणी आणि १५ मिलिग्रॅम कोरडा भाग आहे. पिकताना पानातला नत्र आणि इतर माल झाड वर खेचून घेतं, कोरडा भाग १० वर येतो. पाण्याचा एक थेंबही वाढला नाही, तरी ८५ टक्क्यांचे साडेएकोणनव्वद होतात. म्हणून सिग्नलचा वाटा पाण्याच्या खऱ्या वजनात बदलून, पानाच्या क्षेत्रफळामागे मांडा. त्यासाठी चकत्या मोजणीनंतर ओव्हनमध्ये वाळवाव्याच लागतात. हे काम सगळ्यांना नकोसं असतं, म्हणून तेच आधी गाळलं जातं.

चकती मध्यशिरेवरून कधीच कापू नका. पान रंगावरून निवडू नका, खोडावरच्या क्रमांकावरून निवडा आणि सोबत क्लोरोफिल मीटरचा आकडा लिहा. पाण्याच्या ताणानेही पान पिवळं पडतं.

टी-२ मोजताना नमुन्यातून एकामागून एक सिग्नल परत येतात, त्या प्रतिध्वनींमधलं (एकोंमधलं) वेळेचं अंतर हंगामभर एकच ठेवा. पानात हवेच्या पोकळ्या असतात, त्यामुळे अंतर वाढवलं की टी-२ आखूड दिसतो. दोन स्कॅनमध्ये टी-१ च्या (सिग्नल पुन्हा पूर्ववत भरून यायच्या वेळेच्या) पाचपट थांबा, घाई नको.

आणि सॉफ्टवेअरकडे शिखरं मागू नका. गोंगाटी वक्रातून ते पाचही काढून देईल, सहाही देईल. स्कॅन चौपट केले की सिग्नल गोंगाटाच्या तुलनेत दुप्पट होतो. वेळही चौपट लागतो, लागू दे.