गोव्याला बजेट हॉटेल चेन कशी निवडायची

आधी एक गोष्ट क्लिअर करून घ्या, सगळ्या चेन सारख्या नसतात. जिंजर ही टाटांच्या ताज ग्रुपची, म्हणजे आयएचसीएलची, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रूम, स्टाफ, नाश्ता सगळं एका ठरलेल्या पद्धतीचं मिळतं. ओयो, ट्रीबो, फॅबहॉटेल्सचं तसं नाही, तिथे हॉटेल सहसा दुसऱ्याच मालकाचं असतं आणि बोर्ड चेनचा, म्हणून तिथे ब्रँड बघून नाही तर ते एकच हॉटेल बघून ठरवायचं, आणि रिव्ह्यू वाचताना 'न्यूएस्ट' लावून शेवटच्या दोन-तीन महिन्यांचेच वाचा, गेस्टनी टाकलेले बाथरूमचे फोटो तर नक्कीच बघा.

मग हॉटेलला थेट फोन करा. आम्ही एकदा न करता गेलो आणि रात्री ११ वाजता, आईबाबा सोबत असताना, "तुमचं बुकिंगच नाही" असं ऐकावं लागलं, तेव्हापासून मी निघायच्या आदल्या दिवशी फोन करतेच. चेक-इन किती वाजता, लिफ्ट आहे का, गरम पाणी दिवसभर येतं का, सगळं विचारायचं, लाजायचं नाही.

रेट बघताना टॅक्स धरूनच बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून ७५०० पर्यंतच्या रूमला ५ टक्के जीएसटी आहे. पणजीत स्वस्त रूम घेऊन रोज कळंगुटला टॅक्सीने जाणार असाल तर वाचलेले पैसे टॅक्सीतच जातात! बीचजवळच राहायचं असेल तर गोवा टुरिझमची कळंगुट रेसिडेन्सी पण बघा.