उशीवरून झाड दिसतं का? नर्सिंग होम बांधताना या चुका टाळा

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं ते बडोद्यातल्याच एका नर्सिंग होममध्ये. आवारात जुना, डेरेदार कडुनिंब. आठ दिवसांत आईला तो एकदाही दिसला नाही. मी खिडकीशी उभी राहिले की अख्खं झाड दिसायचं. तिच्या उशीला डोकं टेकवलं तेव्हा कळलं, तिला नुसता पंखा दिसतोय.

सगळ्यात मोठी चूक हीच. खिडकी उभ्या माणसाच्या मापाने ठरते, आणि खोलीत दिवस काढणारा माणूस आडवा असतो. त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच-तीन फुटांवर. खिडकीचा कठडा दोन फुटांवर घ्या, भक्कम ग्रिल लावा. इमारत आधीच उभी असेल, तर खाट फिरवून बघा, दुधी काच काढून साधी बसवा. हा नुसता हौसेचा मामला नाही. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ साली छापलेल्या अभ्यासात अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडं दिसणारे सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, विटांची भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडंवाल्यांना वेदनाशामकं कमी कडक पुरली. अभ्यास छोटा आहे, पण मला तो पटतो.

दुसरी चूक पश्चिमेकडच्या मोठ्या काचेची. मे महिन्यात इथे पारा चाळिशीपार जातो; मग पडदे दिवसभर ओढलेले आणि झाड असून नसल्यासारखं. खोल्या उत्तरेला घ्या. नाइलाजाने पश्चिमेला आल्या, तर खोल छज्जा काढा.

खोलीत कुंड्या ठेवू नका. ओल्या मातीत ॲस्परजिलस बुरशी वाढते, आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाला ती जिवावर बेतू शकते. शोभेचं साचलेलं पाणीही नको. डेंग्यूचा डास तिथे आठ-दहा दिवसांत तयार होतो. झटपट हिरवळीसाठी कोनोकार्पस हे परदेशी झाड तर मुळीच नको, गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. बकुळ लावा, पारिजातक लावा.

आणि बागेला कुलूप? वॉकर घेऊन निघालेल्या माणसाला वॉचमनकडे किल्ली मागायला लावू नका. पायरीऐवजी उतार करा, दर वीस पावलांवर सावलीत बाक ठेवा.

भिंती खिडकीच्या उंचीला येण्याआधी साइटवर एक खाट न्या. स्वतः तिच्यावर आडवे व्हा आणि खिडकीची खूण गवंड्याला तिथून सांगा.