चेंडूला हात न लावता फुटबॉल

माझा मुलगा टेक्ससमध्ये हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात राइट गार्ड होता, आता डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे कॉलेज खेळांच्या तिसऱ्या गटातल्या, एका कॉलेजात तीच जागा खेळतो. त्यामुळे इथल्या मराठी घरांतून हल्ली विचारणा होते: पोरगा हाडापेरानं थोराड आहे, कोच ऑफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे त्या संघाच्या पुढच्या रांगेत, घालू म्हणतात, काय करावं?

आधी काम समजून घ्या. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकपुढे पाच जण असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या कडेला टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो (हाच स्नॅप), तेवढाच या पाचांचा चेंडूशी संबंध. बाकी सगळा वेळ समोरच्याला अडवायचं. टचडाउनला, म्हणजे चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचला की, नाव दुसऱ्याचं होतं. लाइनमनचा नंबर पुकारला जातो तो बहुधा होल्डिंग, म्हणजे समोरच्याला पकडून ठेवणं, झालं म्हणून, आणि संघ दहा यार्ड मागे जातो. टाळ्यांची भूक असलेल्या मुलाला ही जागा सोसत नाही, हे माझं स्पष्ट मत.

ताकद लागतेच, पण कोच आधी पाय बघतात. स्नॅप झाल्याबरोबर पहिलं पाऊल, कंबर खाली, तळवे समोरच्याच्या छातीवर. जो ताठ उभा राहिला तो ढकलला गेला. म्हणूनच सीझन संपला की बरेच कोच या मुलांना रेसलिंगला धाडतात. माझे सासरे कोल्हापूरचे. त्यांनी पहिला सामना बघितला आणि चेंडू कुठे आहे हे विचारायच्याही आधी पोराच्या पायांवर टीका सुरू केली.

वजन हा स्वतंत्र विषय. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये लाइनमन सर्रास 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या वर असतात. तिथे खाणं हाही नोकरीचाच भाग. क्लीव्हलंड संघाचा टॅकल जो (Joe) थॉमस सलग 10,363 स्नॅप खेळला. 2018 मध्ये निवृत्त झाल्यावर त्यानं भराभर वजन उतरवलं. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र कुणी 'महिन्यात वीस पौंड वाढव' म्हणालं, तर आधी डॉक्टर गाठा.

पुढची वाट अरुंद आहे. हायस्कूल संपून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टला, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू निवडीला, उभं राहता येत नाही, आणि तिथे फेऱ्या सातच. जेसन केल्सी सिनसिनाटी विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून आला. लाइनवर तो नंतर सरकला. 2011 मध्ये सहाव्या फेरीत निवडला गेला आणि तेरा सीझन खेळला. जॉर्डन माइलाटा तर ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगवाला. फुटबॉलचा एकही सामना न खेळता 2018 मध्ये सातव्या फेरीत फिलाडेल्फियानं त्याला घेतलं. ऐकायला छान वाटतं, पण यावर घरचं बजेट बांधू नका. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी स्कॉलरशिप मिळतच नाही. आमचं गणित मार्कांवर मिळालेल्या मदतीवर जुळलं.

अभ्यास सोडायची गरज मात्र नाही, आणि याबाबतीत मला सर्वांत आवडतात ते दोघे गार्ड. लोराँ दुव्हर्ने-टार्डिफनं कॅन्सस सिटीकडून खेळता खेळता मॅकगिलमधून डॉक्टरकी पूर्ण केली, 2020 च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला आणि त्या वर्षीचा पुढचा सीझन सोडून कोविडकाळात क्वेबेकमधल्या एका केअर होममध्ये कामाला लागला. बाल्टिमोरचा जॉन अर्शेल खेळत असतानाच एमआयटीत गणितात पीएचडी करत होता. 2017 च्या जुलैत माजी खेळाडूंच्या मेंदूंवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दान केलेल्या 111 एनएफएल खेळाडूंच्या मेंदूंपैकी 110 मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार लागून होणारा मेंदूचा आजार, सापडला होता. दोनच दिवसांनी, 26 व्या वर्षी, अर्शेलनं खेळ सोडला. दान आलेले मेंदू म्हणजे सगळे खेळाडू नव्हेत, हे खरं. तरी हा आकडा मुलाला सांगूनच फॉर्मवर सही करा.

शाळेत चौकशी करायला गेलात, तर सराव चालू असताना ॲथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती सांभाळणारा माणूस, मैदानावर हजर असतो का, हे आधी विचारा. दुसरा प्रश्न ऑगस्टमधल्या सरावाचा. उष्माघाताचा धोका याच जाडजूड पोरांना सर्वांत जास्त असतो, तेव्हा बर्फाच्या पाण्याचा टब मैदानाजवळ भरून ठेवलेला असतो का, हे स्वतः जाऊन बघा.